सायकल मागे पडली नाही, तिला रस्त्याबाहेर ढकलले गेले

माजरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले कोळशाचे गाव आहे. नागपूर–बल्लारशाह या मुख्य लोहमार्गावरचे हे जंक्शन. इथून एक फाटा वणीकडे जातो. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली पूर्ण झाले आणि १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली. या परिसराचे रोजचे जगणे तेव्हापासून तिच्या पाळ्यांभोवती फिरते. खाण, रेल्वे साइडिंग, कामगार कॉलनी, शाळा, आठवडी बाजार आणि भोवतालची शेतीची गावे अशी इथली मांडणी आहे. रोज ये-जा करायची यांतली बरीच अंतरे सात-आठ किलोमीटरांच्या आत बसतात, आणि तेवढ्या अंतराला सायकलीइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. तरीही कोळसा पट्ट्यात सायकलीचे दिवस संपले, असे सर्रास म्हटले जाते. ऊन फार, धूळ फार, धोका फार, आणि आता प्रत्येकाच्या दारात मोटारसायकल आहे, ही त्याची ठरलेली कारणे. ही कारणे एकेक करून तपासली, तर सायकलीचा दोष क्वचितच सापडतो. दोष सापडतो तो रस्त्याचा, आणि तो रस्ता कोणासाठी आखायचा हे ठरवणाऱ्यांचा.

पहिला गैरसमज संख्येचा आहे. सायकल आता कोणी चालवतच नाही, असे म्हणणारा बहुधा मोटारीच्या काचेआडून रस्ता पाहत असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. शेतीबाहेर काम करणारे लोक कामावर कसे जातात, हेही त्या जनगणनेत विचारले होते. त्यांपैकी सुमारे १३ टक्के सायकलीने जात होते आणि मोटारसायकल-स्कूटरने जाणारे त्याहून किंचित कमी होते. मोटारीने जाणारे तीन टक्केही नव्हते. त्यानंतर मोटारसायकली वाढल्या, हे खरे. पण रस्त्यांच्या आराखड्यात सायकलीला जागा ठेवायची नाही ही सवय त्याआधीची आहे; सायकलस्वार मोटारवाल्यांपेक्षा जास्त होते तेव्हाही ती होतीच.

कोळसा पट्ट्यात सायकलीवर कोण असते, हे कोणत्याही पाळीच्या वेळी दिसते. हँडलला डब्याची पिशवी अडकवलेला कंत्राटी कामगार, कॉलनीत घरकामाला जाणारी बाई, दप्तर कॅरिअरला बांधलेल्या शाळकरी मुली, भाजीची पोती लादलेला शेतकरी. यांतल्या बहुतेकांचा आवाज रस्ते ठरवणाऱ्या बैठकीत पोहोचत नाही. सायकल संपली असे म्हणणे म्हणजे ही माणसे रस्त्यावर नाहीतच असे धरून चालणे होय.

वेळ आणि पैशाचा हिशेब सरळ आहे. साधी सायकल घाई न करता ताशी १२ ते १५ किलोमीटर जाते. पाच किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढेच अंतर चालायला तास लागतो, आणि सायकलीवर खर्ची पडणारी शक्ती चालण्याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास असते. मोटारसायकल दहा-बारा मिनिटे वाचवते, पण त्या मिनिटांची किंमत मोजावी लागते. पेट्रोल शंभर रुपये लिटर आणि गाडीचे ॲव्हरेज ५० किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे दोन रुपये होतात. रोज जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि महिन्याला २६ हजेऱ्या म्हटल्या की नुसत्या पेट्रोलचे सव्वासहाशे रुपये झाले. हप्ता, विमा आणि दुरुस्ती वेगळी. ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या घरात ही रक्कम किराण्यातून किंवा मुलांच्या वह्या-पुस्तकांतून निघते. सायकल म्हणजे नाइलाज, असे ज्याला वाटते त्याने हा हिशेब त्या घरात बसून करून पाहावा.

शिवाय सगळेच काही नाइलाजाने सायकल चालवत नाहीत. सायकलीचा आनंद ही शहरातल्या छंदवाल्यांची मक्तेदारी आहे, हा समज तितकाच चुकीचा आहे. सकाळच्या पाळीला निघालेले दोघे शेजारी-शेजारी सायकल हाणत गप्पा मारतात. मोटारसायकलवर दोघांत असे बोलणे होत नाही. फाल्गुनात पळस फुललेला असतो, पुढे मोहाच्या फुलांचा वास रस्त्यावर उतरतो, आणि सायकलीच्या वेगात तो नाकाला लागतो. बसची वाट पाहावी लागत नाही, कोणाच्या मागे बसायची विनंती करावी लागत नाही. मुलींसाठी तर हे स्वातंत्र्य पहिल्यांदा सायकलीनेच आणले. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून चंद्रपूर-गडचिरोलीसह मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. लांबच्या गावांतल्या मुलींना सर्वांत जास्त फायदा झाला. पण मुलीला सायकल द्यायची आणि तिच्या शाळेच्या वाटेवर कोळशाच्या गाड्या मोकाट सोडायच्या, याला अर्धवट काम म्हणतात. शासनाचा एक हात देतो ते दुसरा हात काढून घेतो.

आता उन्हाचा मुद्दा. तो खोटा नाही. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपुढे गेल्याच्या नोंदी आहेत आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात कोणीही सायकल चालवू नये. मात्र त्या वेळात पायी चालू नये आणि मोटारसायकलही चालवू नये. हवा त्वचेपेक्षा तापलेली असली की वारा अंगाला गार करत नाही, उलट तापवतो. ताशी पन्नासच्या वेगात तर ती झळ अधिकच लागते. सकाळच्या पाळीला जाताना ऊन नसते. रात्रपाळीला जाता-येतानाही नसते. दुपारी सुटणाऱ्या पाळीचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर सावली हे आहे. जुन्या रस्त्यांच्या कडेला कडुनिंब, चिंच, मोह असत. रुंदीकरणात पहिला बळी त्यांचा जातो, आणि भरपाई म्हणून लावलेली रोपे दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीत. झाडे तोडून रस्ता तव्यासारखा तापवायचा आणि मग उन्हामुळे लोक सायकल सोडतात असे म्हणायचे, हा युक्तिवाद स्वीकारता येत नाही.

उष्ण शहरात सायकल चालत नाही, याला स्पेनमधल्या सेव्हिल शहराने उत्तर दिले आहे. तिथला उन्हाळा चाळीस अंश नेहमी ओलांडतो. २००६ नंतर अवघ्या काही वर्षांत त्या शहराने शंभरावर किलोमीटरचे सलग, मोटारींपासून वेगळे केलेले सायकल मार्ग बांधले. त्याआधी प्रवासात सायकलीचा वाटा एक टक्काही नव्हता, तो सहा टक्क्यांच्या आसपास गेला. हवामान तेच राहिले, रस्ता तेवढा बदलला.

धुळीचे कारणही असेच उलटे मांडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. ही धूळ सायकलीने उडवलेली नाही. ती उघड्या खाणीतून येते, ताडपत्री नीट न बांधलेल्या टिप्परमधून गळते आणि पुढच्या टिप्परच्या चाकांखाली पुन्हा उडते. हवा खराब असताना सायकल चालवल्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो का, यावर केंब्रिजच्या संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास आहे. हवेत सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी दिवसाला दीड तासापर्यंतच्या सायकलिंगने तोट्यापेक्षा फायदा जास्त होतो, असा त्याचा निष्कर्ष निघाला. तो अभ्यास शहरी हवेतल्या सूक्ष्म कणांचा होता, कोळशाच्या धुळीचा नव्हता. म्हणून माजरीतल्या सायकलस्वाराने त्याच्यावर विसंबून निर्धास्त राहू नये. त्याने नाकाला दुपट्टा बांधावा. पण रस्त्यावर पाणी मारणे, ताडपत्री तपासणे आणि सांडलेला कोळसा उचलणे हे त्याचे काम नाही.

या सगळ्यांत वजनदार कारण धोक्याचे आहे. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार चार हजार आठशेच्या वर होते. सायकल स्वतः कोणाला क्वचितच मारते. तीन आसांच्या भरलेल्या ट्रकचे एकूण वजन २०१८ च्या नियमानुसार साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असू शकते. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी किलोच्या आसपास भरतात. म्हणजे साडेतीनशे पट फरक. अशा दोघांना एकाच पट्टीवर सोडून, सांभाळून चालवा असे धाकट्याला सांगणे हा न्याय नव्हे.

जवळून टिप्पर गेला की काय होते, हे सायकलस्वाराला नेमके ठाऊक असते. आधी हवेचा लोट त्याला बाहेर ढकलतो. गाडी पुढे सरकली की तीच हवा त्याला चाकांच्या दिशेने आत ओढते. तोल सावरायला तो डावीकडे जातो, तर डांबराची कड संपलेली असते. डांबर आणि मुरमाची सायडपट्टी यांच्यामध्ये चार-सहा इंचांची पायरी पडलेली असते, कारण डांबराचे थर चढत गेले आणि बाजूचा मुरूम पावसात वाहून गेला. एकदा चाक खाली उतरले की वर चढवताना टायर त्या कडेला घासत राहतो, हँडल वळत नाही, आणि स्वार पडतो तो रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीपुढे. याला सायकलस्वाराचा निष्काळजीपणा म्हणणे हे खोटे आहे. तो रस्ता बांधणाऱ्याचा दोष आहे, आणि कायद्यालाही हे मान्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८ अ नुसार, रचना, बांधकाम किंवा देखभालीची ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघातानंतर ड्रायव्हरवर गुन्हा नोंदवला की प्रकरण मिटले असे धरले जाते. सायडपट्टीची पायरी कोणी मोजत नाही.

सायकलवाले उलट्या बाजूने येतात, त्यांना दिवा नसतो, ही तक्रार अंशतः खरी आहे. दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे. त्याचा खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आहे आणि अंधारात तोच जीव वाचवतो. उलट्या बाजूचे मात्र कारण समजून घ्यावे लागते. येणारा टिप्पर डोळ्यांना दिसावा म्हणून अनेक जण मुद्दाम त्याच्या तोंडासमोरून चालतात. हे चुकीचे आहे, समोरासमोरच्या धडकेचा धोका वाढवणारे आहे. पण पाठीमागून येणाऱ्या गाडीवर विश्वास उरलेला नाही, हे त्यातून कळते. फेरीमागे पैसे ठरलेल्या वाहतुकीत ड्रायव्हर घाई करणारच. त्या घाईची शिक्षा सायकलस्वाराने भोगायची, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. फ्रान्समध्ये सायकलीला ओलांडताना वस्तीत एक आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर सोडणे कायद्याने बंधनकारक आहे. कोळसा वाहतुकीच्या मार्गावर असा नियम लावायला पैसा लागत नाही.

सायकलवाला कर भरत नाही, मग रस्त्यावर हक्क कसला, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. महाराष्ट्रातल्या नगरपालिका एके काळी सायकलीवर कर घेत आणि सायकलीला पितळी बिल्ला लावावा लागे, हे बोलणाऱ्यांना ठाऊक नसते. ते बाजूला ठेवले तरी रस्ता खराब कोण करतो हे पाहावे लागेल. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात केलेल्या मोठ्या चाचणीतून असे आढळले की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की झीज सोळा पट. या हिशेबाने सायकलीमुळे होणारी झीज शून्यच धरावी लागते. कोळशाच्या गाड्यांनी उखडलेला रस्ता सार्वजनिक पैशातून दुरुस्त होतो, आणि साबण, तेल, कापड घेताना सायकलवालाही तो कर भरतोच. तो रस्त्याचे देणे लागत नाही. उलट रस्ताच त्याचे देणे लागतो.

प्रतिष्ठेच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. माजरीपासून जवळच, वरोऱ्याच्या आनंदवनातल्या बाबा आमटे यांनी १९८५ साली शंभरावर तरुण सायकलस्वारांसह कन्याकुमारी ते काश्मीर अशी भारत जोडो यात्रा काढली. १९८८ साली इटानगर ते ओखा अशी दुसरी. ज्या वाहनावरून या मातीतल्या माणसांनी देश पालथा घातला, त्यावरून कामावर जायला लाज वाटावी असे काही नाही.

सायकलस्वाराच्या खऱ्या अडचणी छोट्या आणि रोजच्या आहेत. त्यांची दखल मात्र कोणी घेत नाही. वेड्या बाभळीचे काटे ट्यूबमध्ये घुसतात. पंक्चर झाले तर पेट्रोल पंपावर हवा असूनही उपयोग नसतो, कारण तिथल्या नळीचे तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचे असते आणि साध्या सायकलीच्या वॉल ट्यूबला ते बसत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये असा घट्ट बसतो की चाक फिरायचे थांबते. मग काडीने तो कोरून काढावा लागतो किंवा सायकल खांद्यावर घ्यावी लागते. फाटकावर कोळशाची रेक उभी राहिली की पाळीची हजेरी चुकते. फाटकाच्या जागी उड्डाणपूल झाला तर मोटारीची सोय होते आणि सायकलवाल्याच्या वाट्याला लांब चढ येतो. खालून साधी बोगद्यासारखी वाट ठेवली तर तो वाचतो. कामाच्या जागी मोटारींना शेड असते, सायकली मात्र कुंपणाला टेकवून उन्हात ठेवाव्या लागतात आणि ट्यूबला लावलेले ठिगळ त्या तापात सुटते. यांतली एकही अडचण मोठ्या प्रकल्पाची वाट पाहत नाही. गेटवर हातपंप, छपराचा स्टँड, पावसाळ्याआधी मुरमाची भर, एवढ्याने निम्मा त्रास कमी होईल.

मोठे काम रस्त्याचे आहे आणि त्याची मोजमापेही नव्याने शोधायची नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्गांची मानके १९६२ सालीच आयआरसी:११ या क्रमांकाने दिली, २०१५ साली त्यांत सुधारणा केली. मूळ मानक सांगते की रस्त्यावर तासाला दोनशेहून जास्त मोटारवाहने असतील, तर गर्दीच्या तासाला केवळ शंभर सायकली असल्या तरी वेगळा सायकल मार्ग योग्य ठरतो. पाळी सुटताना कोळसा मार्गाच्या तोंडाशी तासभर उभे राहून गाड्या आणि सायकली मोजल्या, तर मानक लागू होते की नाही हे तिथेच कळेल. अडचण अशी की वाहतूक मोजण्याच्या रूढ पद्धतीत सायकल ही अर्धी मोटार म्हणून धरली जाते, म्हणजे रस्त्यातला एक लहानसा अडथळा. तिच्यावर माणूस बसलेला आहे, त्याची मजुरी आणि त्याचा जीव त्या आकड्यात येत नाही. देशाच्या २००६ सालच्या शहरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसे हलवण्याचे तत्त्व स्वीकारले. कोळशाच्या गावांपर्यंत ते यायला हवे.

नेदरलँड्सचे उदाहरण दिले की तो देशच वेगळा, असे उत्तर मिळते. तो देश आधीपासून वेगळा नव्हता. १९७१ साली तिथे रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. तेव्हा मोटारींसाठी शहरे रुंद करण्याचेच धोरण चालू होते. आईवडील रस्त्यावर उतरले, मुलांचे मृत्यू थांबवा अशी मागणी झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत वेगळे मार्ग बांधले गेले. सरकारला आपोआप जाग आली नव्हती, लोकांनी ती आणली.

म्हणून भद्रावती तालुक्यातल्या ग्रामपंचायती, कामगार संघटना आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्या यांनी एक काम हाती घ्यावे. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, सकाळची पाळी लागताना आणि शाळा सुटताना, कोळसा वाहतुकीच्या प्रत्येक रस्त्यावर सायकली आणि मोटारवाहने तासाच्या हिशेबाने मोजावीत, डांबराच्या कडेची पायरी पट्टीने मोजावी, आणि हे आकडे आयआरसी:११ आणि कलम १९८ अ यांच्या हवाल्यासह सार्वजनिक बांधकाम विभागाकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावेत. पुढच्या रस्त्याची निविदा निघण्याआधी हे झाले पाहिजे.